‘जरा ठाण्यात येऊन जा’ : पत्रकार, पोलीस आणि कागद

पत्रकारांवरचे गुन्हे आणि अटक या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे तालुक्याच्या ठिकाणांहून आली. वृत्तपत्रस्वातंत्र्याची व्याख्या कोणीच विचारलेली नाही. ‘उद्या अकराला बोलावलंय, जाऊ की नको?’ असे विचारले आहे, तेव्हा उत्तरेही त्याच वळणाची आहेत. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते आणि तपासाची रीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. खाली त्यांना ‘न्याय संहिता’ आणि ‘सुरक्षा संहिता’ म्हटले आहे.

वाळूउपशाची बातमी छापली. ठाण्यातून फोन आला, ‘साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा.’ कशासाठी ते सांगत नाहीत. न गेल्यास अटक होईल का?
*– तालुका वार्ताहर*

फोन म्हणजे नोटीस नव्हे. नम्रपणे विचारा: मला साक्षीदार म्हणून बोलावता की संशयित म्हणून? गुन्हा क्रमांक काय? कोणत्या कलमाखाली लेखी नोटीस देता? संभाषणानंतर लगेच त्या क्रमांकावर दोन ओळींचा संदेश पाठवा: ‘आपण अमुक वाजता फोन केलात, लेखी नोटीस मिळताच हजर राहीन.’ हा संदेश पुढे फार कामाला येतो. ‘बोलावूनही आला नाही, फरार झाला’ ही ओळ कोठडी मागणाऱ्या रिमांड अर्जात हमखास असते.

साक्षीदाराला सुरक्षा संहितेच्या कलम 179 खाली लेखी आदेशाने बोलावतात, आणि तेही त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच. स्त्रिया, 60 वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनीच घरी यायचे. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही द्यावी लागत नाही. ‘इथं सही करा आणि जा’ असे कोणी म्हटले, तर नेमकी तिथेच करू नका.

संशयिताला कलम 35(3) ची नोटीस येते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही आपोआप घडणारी गोष्ट नाही, अटक का आवश्यक आहे ते पोलिसांनी लिहून ठेवायला हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात 2014 साली बजावले. बातमीवरून लागणारी बहुतेक कलमे याच टप्प्यात येतात. नोटीस हातात द्यायची असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली 35(3) ची नोटीस चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले. तरीही ती व्हॉट्सअ‍ॅपवर आलीच, तर हसण्यावारी नेऊ नका. ‘प्रत्यक्ष नोटीस द्यावी, मी सहकार्य करीन’ असे लेखी कळवा आणि वकिलाला दाखवा.

रीतसर नोटीस मिळाली की मात्र जायचेच. हजर राहून अटी पाळल्या, तर त्या गुन्ह्यात अटक करण्यासाठी पोलिसांना नव्याने कारणे नोंदवावी लागतात. दांडी मारली, तर कलम 35(6) खाली ते कारण तुम्हीच पुरवता. जाताना नोटिशीची प्रत न्या, हजेरीची लेखी पोच मागा, पोच दिली नाही तर बाहेर पडताच वेळेसह ईमेल करा. एकटे जाऊ नका.

रात्री साडेअकराला माझ्या नवऱ्याला घरातून नेले. कुठे नेले तेही नीट सांगितले नाही. अशा वेळी घरच्यांनी पहिल्या काही तासांत काय करायचे?
*– एका संपादकाची पत्नी*

आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा. अटकेनंतर 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, प्रवासाचा वेळ वगळून. हे 24 तास कागदावरच्या ‘अटक वेळे’पासून मोजायचे नाहीत, माणसाला प्रत्यक्ष अडकवून ठेवले तेव्हापासून मोजायचे. ‘रात्री फक्त चौकशीला आणले, अटक दुपारी दाखवली’ हा जुना प्रकार आहे. त्यावर तुमची नोंद, शेजाऱ्यांचे म्हणणे, इमारतीचा कॅमेरा आणि ठाण्यातला सीसीटीव्ही हे पुरावे असतात. ठाण्यातले चित्रण किमान एक वर्ष टिकेल अशी व्यवस्था हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. तरी ते जपून ठेवण्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्या. महिन्याने मागितले की यंत्र बिघडलेले असते.

मग ठाण्यात जाऊन तीन कागद मागा. पहिला, अटक पंचनामा: त्यावर घरचा माणूस किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती साक्षीदार हवी आणि अटक झालेल्याची सही हवी (सुरक्षा संहिता, कलम 36). दुसरा, एफआयआरची प्रत. संवेदनशील म्हणून रोखलेली नसेल तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावरही 24 तासांत चढायला हवी. तिसरा कागद सगळ्यांत मोलाचा: अटकेचे आधार, लेखी.

या तिसऱ्यावर थोडे थांबू. छापील फॉर्मवर खुणा केलेली ठरावीक कारणे असतात: ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून’, ‘पळून जाऊ नये म्हणून’. ही कुठल्याही आरोपीला लागू पडतात. ‘आधार’ म्हणजे याच माणसाने, अमुक तारखेला, नेमके काय केले म्हणून त्याला धरले, तो तपशील. ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाचे संस्थापक प्रबीर पुरकायस्थ यांना 3 ऑक्टोबर 2023 रोजी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली (यूएपीए) अटक झाली. लेखी आधार दिले नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 15 मे 2024 रोजी ती अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरवले. आरोप खरे की खोटे या प्रश्नाला तिथे हातही लावावा लागला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये, मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, न्यायालयाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लावला: आधार लेखी हवेत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवेत, आणि अटकेच्या क्षणी देणे अशक्य असेल तर तोंडी सांगून रिमांडसाठी उभे करण्यापूर्वी किमान दोन तास आधी द्यायला हवेत. म्हणून सही करताना कागदावर मिळाल्याची वेळ स्वतःच्या अक्षरात घाला. ‘कागद मिळाला’ असे लिहून घेतात आणि कागद मात्र फाइलमध्येच राहतो. तो हातात नसेल तर ‘मिळाला नाही’ असेच लिहा.

वकिलाला चौकशीदरम्यान भेटता येते (कलम 38), मात्र पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही. वकील परवडत नसेल किंवा रात्री सापडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. वैद्यकीय तपासणीत अंगावरच्या साध्या खरचटण्याचीही नोंद करून घ्या. आणि न्यायालयात दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ तेव्हा धाकाने ‘नाही’ म्हणणारे फार. ते ‘नाही’ न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, रोजनाम्यात, उतरते आणि पुढे वर्षभर नडते.

स्त्री पत्रकाराला सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते.

फोन आणि लॅपटॉप उचलून नेले. पासवर्ड द्यायलाच हवा का? आणि वस्तू परत कधी मिळतात?
*– मुक्त पत्रकार*

जप्तीचा पंचनामा दोन पंचांसमोर होतो, आणि सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचे आता दृकश्राव्य चित्रण सक्तीचे आहे. ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवे. पंचनाम्यात पुढील नोंदी आहेत का ते सहीआधी वाचा: कंपनी आणि मॉडेल, आयएमईआय क्रमांक (ड्युएल सिम असेल तर दोन्ही), लॅपटॉपचा अनुक्रमांक, सिम आणि मेमरी कार्ड वेगळे, उपकरण चालू होते की बंद, सील कशाने केले. ‘एक काळ्या रंगाचा मोबाइल’ एवढाच पंचनामा झाला, तर पुढे त्यात काय सापडले आणि कधी घातले हे सिद्ध करणे अवघड.

हॅश व्हॅल्यू हा शब्द पाठ करा. डिस्कवरील सगळ्या माहितीतून गणिताने काढलेला तो ठसा असतो. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात तो नोंदवावा लागतो. जप्तीच्या वेळीच काढला तर उत्तम. पण अनेकदा लॅपटॉप आधी ठाण्यात उघडून ‘जरा बघितला’ जातो आणि ठसा नंतर प्रयोगशाळेत काढतात. तसे झाले तर फायलींच्या शेवटच्या वापराच्या तारखा जप्तीनंतरच्या दिसतात. तुमच्या वकिलाने प्रतिमाप्रत (डिस्कची हुबेहूब प्रत) मागायची ती यासाठी.

पासवर्डबाबत उच्च न्यायालयांचा सूर एक नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि पासवर्ड हा डोक्यातला मजकूर आहे, असा एक युक्तिवाद. बोटाच्या ठशांचे मात्र वेगळे: ठसे देणे म्हणजे साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 सालीच म्हटले आहे. त्यामुळे बोटाने उघडणाऱ्या फोनपेक्षा लांब सांकेतिक अंकांचा फोन बचावाला बरा. ‘वकिलाच्या सल्ल्याशिवाय देणार नाही’ हे उत्तर पुरेसे आहे. भांडण नको.

एक मोठी चूक टाळा. नोटीस आल्यावर फोनमधले संदेश पुसत बसू नका. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम 241 खाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. बातमी खरी असूनही माणूस यात अडकतो. जी शिस्त लावायची ती आधी, रोजच्या कामात: सूत्रांशी बोलण्याचे उपकरण वेगळे, पूर्ण एन्क्रिप्शन चालू, नोंदींमध्ये सूत्राचे खरे नाव नाही, कच्च्या चित्रीकरणाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी.

परत मिळण्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे मुद्देमाल परतीचा अर्ज करायचा. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पोलीस विरोध करतात, म्हणून अर्जातच पर्यायी मागणी घाला: माहितीची प्रत काढून घेऊन उपकरण सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागताच हजर करण्याच्या हमीवर, द्यावे.

बातमीचे सूत्र सांगायला न्यायालय भाग पाडू शकते का?
*– पत्रकारितेची विद्यार्थिनी*

शकते. सूत्राचे नाव राखण्याचा कायदेशीर विशेषाधिकार वकिलाला अशिलाबाबत असतो, तसा पत्रकाराला आपल्याकडे नाही. प्रेस कौन्सिल कायदा 1978 च्या कलम 15(2) चा दाखला हमखास दिला जातो, पण ते संरक्षण कौन्सिलपुढच्या कामापुरतेच आहे. ठाण्यात ते दाखवून उपयोग नाही. फोनमधील हेरगिरीच्या पेगॅसस प्रकरणात, ऑक्टोबर 2021 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट मानली. वकील युक्तिवादात त्याचा आधार घेतात. बातमी कागदपत्रांवर उभी करा, म्हणजे सूत्राचे नाव विचारण्याची गरजच कमी होते.

ठेकेदाराविरुद्ध मालिका चालवली. त्याने खंडणीची फिर्याद दिली. एक पैसा मागितलेला नाही. हे प्रकरण टिकेल?
*– साप्ताहिकाचे मालक-संपादक*

देशद्रोहाची चर्चा शहरात होते, पण तालुक्याच्या वार्ताहराला धरायचे नेहमीचे कलम खंडणीचे असते: न्याय संहिता 308, सात वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. त्यात ‘भीती घालून’ काही मागितले हे दाखवावे लागते. आता पत्रात तुम्हीच लिहिता की त्याच ठेकेदाराकडे दिवाळी अंकाच्या जाहिरातीचे बिल थकले होते आणि मालिका सुरू असताना तुम्ही त्याला फोन केला. खरे दुखणे इथे आहे. संभाषणाचा तो एकच तुकडा काढून लावला की फिर्याद उभी राहते. जाहिरात आदेश, बिल आणि जुनी देणी-घेणी तारखेनिशी वकिलाकडे द्या, पूर्ण ध्वनिमुद्रण मागा, आणि सत्र न्यायालयात सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज लगेच करा. यापुढे जाहिरातीची वसुली आणि बातमी एका माणसाच्या तोंडून आणि एका फोनवरून होऊ देऊ नका. छोट्या पत्रात हे जमत नाही, हे मान्य. तरी निदान बातमीबाबतची प्रतिक्रिया लेखी मागवा.

‘सरकारी कामात अडथळा’ हे दुसरे लाडके कलम. न्याय संहिता 132 साठी लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. प्रश्न विचारणे, आवाज चढवणे किंवा चित्रीकरण करणे म्हणजे बळ नव्हे. नुसता अडथळा असेल तर कलम 221, आणि त्याची दखल न्यायालयाला संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेता येते. फिर्यादीत म्हणूनच ‘धक्काबुक्की’ हा शब्द घुसतो. तुमचे सलग, न कापलेले चित्रीकरण हेच त्याला उत्तर. ठाण्यात चित्रीकरण केले म्हणून शासकीय गुपिते कायदा लावला असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2022 चा निर्णय दाखवा: पोलीस ठाणे हे त्या कायद्यातले ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही.

मंत्र्यांनी अब्रूनुकसानीची नोटीस पाठवली आहे. अटक होईल?
*– उपसंपादक*

नाही. न्याय संहितेचे कलम 356 अदखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असे) आणि जामीनपात्र आहे. मंत्र्याच्या सरकारी कामाबद्दलची बदनामी असेल, तर सरकारच्या पूर्वमंजुरीने सरकारी वकील सत्र न्यायालयात तक्रार करू शकतो, तीही सहा महिन्यांत. मंत्री व्यक्तिशः दंडाधिकाऱ्याकडेही जाऊ शकतात. सुरक्षा संहितेत एक सोय झाली: खासगी तक्रारीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडू द्यावे लागते (कलम 223). ती संधी तारीख मागण्यात घालवू नका. या खटल्यांत शिक्षेपेक्षा तारखांचा जाच मोठा असतो. दूरच्या न्यायालयात मुद्दाम दाखल केले असेल, तर हजेरीतून सूट मिळण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या.

देशद्रोहाचे कलम रद्द झाले ना? मग आता भीती कशाची?
*– निवृत्त शिक्षक*

जुन्या दंड संहितेतले देशद्रोहाचे कलम म्हणजे 124 अ. त्याची अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2022 रोजी थांबवली आणि न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द उरला नाही, हे खरे. पण कलम 152 आले. फुटीरता, सशस्त्र बंड किंवा ‘विध्वंसक कारवाया’ यांना चिथावणी, किंवा सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणे. शब्दांनी, चित्रांनी, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. ‘विध्वंसक’ म्हणजे काय, याची व्याख्या कलमात नाही. जन्मठेपेची तरतूद असल्याने वर सांगितलेले अर्नेश कुमारचे सात वर्षांचे कवच इथे गळून पडते, आणि आरोपपत्रासाठी पोलिसांना 60 ऐवजी 90 दिवस मिळतात. बातमीच्या गुन्ह्यात 152 जोडले जाते ते बहुधा याचसाठी, असे आमचे मत आहे.

शब्दांचा अर्थ ताणण्याची खोड जुनी. 1897 साली टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाच्या कलमातल्या ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ सरकारविषयी ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला होता! त्याला लगाम बसला तो 1962 च्या केदारनाथ सिंग निकालाने: हिंसा किंवा सार्वजनिक अव्यवस्थेची चिथावणी नसेल, तर कितीही कडक टीका गुन्हा नाही. पत्रकार विनोद दुआ यांच्यावरचा हिमाचल प्रदेशातील गुन्हा 3 जून 2021 रोजी याच निकषावर रद्द झाला. शब्दांवरून दाखल होणाऱ्या, तीन किंवा अधिक पण सातपेक्षा कमी वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य, असे इम्रान प्रतापगढी प्रकरणात मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. सुरक्षा संहितेच्या 173(3) खाली ही चौकशी 14 दिवसांची असते. नुसता तक्रार अर्ज दाखल असतानाच या तरतुदीचा हवाला देणारे निवेदन उपअधीक्षकांना द्या.

एकाच व्हिडिओवरून चार राज्यांत गुन्हे दाखल झाले. प्रत्येक ठिकाणी जायचे?
*– यूट्यूब वाहिनी चालवणारा*

एकाच घटनेवर दुसरा एफआयआर चालत नाही (टी. टी. अँटनी, 2001). अर्णब गोस्वामी यांच्या मे 2020 च्या आणि ‘ऑल्ट न्यूज’चे मोहम्मद झुबेर यांच्या जुलै 2022 च्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा धरला. झुबेर यांचे गुन्हे एकत्र करून दिल्लीला वर्ग केले, आणि त्यांनी ट्वीट करू नये ही उत्तर प्रदेश सरकारची मागणी नाकारली. क्रम असा ठेवा. सगळ्या एफआयआर संकेतस्थळांवरून उतरवा. तारीख, ठाणे, कलमे आणि नेमके कोणते वाक्य आक्षेपार्ह ठरवले आहे, असा तक्ता करा. आपल्याच जिल्ह्यातल्या न्यायालयातून मर्यादित मुदतीचा संक्रमण अटकपूर्व जामीन (परराज्यातल्या गुन्ह्यात तिथल्या न्यायालयात पोहोचेपर्यंतचे संरक्षण) घ्या. 2023 मध्ये प्रिया इंदोरिया निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. तेवढ्या मुदतीत सर्वोच्च न्यायालयात एकत्रीकरणाची याचिका. तक्त्यातली वाक्ये वेगवेगळी निघाली, तर ‘एकच घटना’ हा मुद्दा लंगडा पडतो, म्हणून व्हिडिओचे तुकडे करून वेगवेगळ्या मथळ्यांनी टाकण्याचा मोह महागात पडतो.

परराज्यातले पोलीस थेट दारात आले, तर स्थानिक ठाण्यात नोंद केली का आणि ट्रान्झिट रिमांडसाठी (दुसऱ्या राज्यात नेण्याच्या परवानगीसाठी) इथल्या दंडाधिकाऱ्यापुढे कधी नेणार, हे दोनच प्रश्न विचारा.

गुन्हाच नसताना एक वर्ष आत ठेवता येते, हे खरे का?
*– महाविद्यालयीन वाचक*

खरे. राष्ट्रीय सुरक्षा कायदा 1980 खाली प्रतिबंधक स्थानबद्धता 12 महिन्यांपर्यंत असू शकते. खटला नाही, म्हणून जामीनही नाही. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त आदेश काढतात, राज्य सरकारने तो 12 दिवसांत मंजूर करायचा, कारणे साधारण 5 दिवसांत द्यायची, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे, आणि मंडळापुढे वकील हा हक्क नाही. मणिपूरमध्ये मुख्यमंत्र्यांवर समाजमाध्यमातून टीका करणारे पत्रकार किशोरचंद्र वांगखेम यांना 2018 च्या अखेरीस असेच आत टाकले; एप्रिल 2019 मध्ये उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला.

हे आदेश बहुतेकदा पडतात ते तारखांवर. कारणे मिळालेल्या दिवशीच त्यांविरुद्धचे निवेदन लिहून राज्य आणि केंद्र दोघांनाही तुरुंग अधीक्षकामार्फत पाठवा आणि जावक क्रमांक घ्या. त्यावर निर्णयाला विनाकारण उशीर झाला, कारणांसोबतची कागदपत्रे दिली नाहीत, किंवा समजणाऱ्या भाषेत दिली नाहीत, की हेबियस कॉर्पस (बेकायदा कोठडीतून सोडवण्याच्या) याचिकेत आदेश टिकत नाही. दुसरा मुद्दा: ‘कायदा व सुव्यवस्था’ बिघडणे आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ बिघडणे यांत राममनोहर लोहिया प्रकरणापासून (1966) फरक केला जातो, आणि एका टीकेच्या पोस्टने सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली हे दाखवणे सोपे नसते.

यूएपीए वेगळा. तिथे गुन्हा असतो, पण आरोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढते आणि आरोप ‘प्रथमदर्शनी खरे’ वाटले तर जामीन बंद (कलम 43 ड). केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन हाथरसच्या वाटेवर 5 ऑक्टोबर 2020 रोजी पकडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 9 सप्टेंबर 2022 ला जामीन दिला तरी सुटका झाली 2 फेब्रुवारी 2023 रोजी, कारण मधे मनी लाँडरिंगचा दुसरा गुन्हा उभा होता. जामिनाचा आदेश येण्याआधी ‘आणखी कुठे नाव आहे का’ हे वकिलाला तपासायला सांगतात ते यासाठीच.

माझ्यावर हल्ला झाला. ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून परत पाठवले.
*– छायाचित्रकार, दैनिक*

महाराष्ट्राचा प्रसारमाध्यमातील व्यक्ती व संस्थांवरील हल्ले रोखण्याचा 2017 चा कायदा त्यांना दाखवा: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. ठाण्याने ऐकले नाही तर अधीक्षकांना टपालाने फिर्याद, तिथेही नाही तर दंडाधिकाऱ्याकडे. खोटी तक्रार केल्यास तीच शिक्षा तक्रारदाराला आहे, तेव्हा जखमांचा दाखला आणि कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचे बिल आधी घ्या.

सरकारी मान्यतेचे अधिस्वीकृती कार्ड नाही. मला पत्रकाराचे हक्क मिळतील का?
*– पोर्टलचा वार्ताहर*

कार्डाने मंत्रालयाचा दरवाजा आणि काही सवलती मिळतात. बोलण्या-लिहिण्याचा हक्क अनुच्छेद 19(1)(अ) मधला, तो प्रत्येक नागरिकाचा आहे. अटकेच्या वेळी मागायचे वरचे तिन्ही कागदही कार्ड न पाहताच द्यावे लागतात.